पाठीवरचं पाणी

उर्से म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला टोलनाका आठवतो. गाडीचा वेग मंदावतो, आडवा दांडा वर जातो आणि गाव मागे पडतं. द्रुतगती मार्ग पूर्ण झाला 2002 साली. गाव त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. भाताची खाचरं होती, डोंगर होते आणि पवना होती. माझं माहेर या उर्शाचं. लग्न होऊन मी चिंचवडला आले, म्हणजे त्याच नदीच्या खालच्या अंगाला. धरणातून सोडलेलं पाणी आधी दादाच्या शिवाराकडून जातं, पुढे रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन माझ्या ओट्यावरच्या नळाला येतं. दादा बटण दाबून पवना उपसतो, मी चावी फिरवून. आम्ही दोघं भावंडं एकाच नदीवर वाढलो आणि दोघांनीही तिचं वजन कधी उचललं नव्हतं.

ते उचलायची वेळ आणली दादाच्या मुलीनं. ती कॉलेजात आहे आणि सुट्टीच्या दिवशी दोर, हेल्मेट घेऊन कातळांना लोंबकळत असते. "आत्या, डिसेंबरात तिकोना गडावर जाऊ. खाली तंबू ठोकू, दिवसभर डोंगर आणि रात्री तारे." दादा म्हणाला, "डोंगर काय, रोज बघतोच की." आणि निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी गाडीत येऊन बसला. भाचीला दोराचं शिकवणारे सर सोबत होते, त्यामुळे वहिनीनंही फार आढेवेढे घेतले नाहीत.

कामशेतवरून पवनानगर आणि पुढे तिकोना पेठ. पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दादाच्या ओळखीतल्या एका घरानं आपल्या खाचरात जागा दिली होती. भात कापून झालं होतं. धसकटं तंबूच्या तळाला टोचतील म्हणून त्यांनी आधीच पेंढ्याचा जाड थर अंथरून ठेवला होता. रात्रभर त्या पेंढ्याचा वास नाकात होता. झोप अशी लागली नाही, पण जागेपणही आलं नाही.

पहाटे बाहेर आले तर तंबूचं कापड दवानं चिंब. खाली धरणावर धुक्याचा पांढरा थर सपाट पसरलेला, आणि त्याच्या वर तुंग किल्ल्याचा सुळका तेवढा निघालेला. काकी, म्हणजे यजमानीणबाई, अंघोळ करून पाटापाशी बसल्या होत्या. मार्गशीर्षातला गुरुवार होता. तांब्याच्या कलशात पाणी, त्यावर नारळ, कडेनं पाच झाडांच्या डहाळ्या. आपल्या घरी ही पूजा मांडताना कलशात पाणी भरायचं ते मी किती वेळा भरलं असेल, पण कलशात पाणीच का, असं मनात आलं नव्हतं. त्या पहाटे ते आलं, कारण अंगणात दादा पाणी मोजत होता.

हंड्यातून तांब्यानं घ्यायचं, गाळण्यातून बाटलीत ओतायचं. माणशी तीन लिटर. वरच्या टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं असेल-नसेल, म्हणून लागेल तेवढं खालून न्यायचं असं सरांनी आदल्या रात्रीच बजावलं होतं. तीन बाटल्या सॅकमध्ये उभ्या राहिल्या आणि मी सॅक खांद्यावर घेतली तेव्हा ती मला चक्क एक पाऊल मागे घेऊन गेली. तीन लिटर म्हणजे तीन किलो, हे शाळेत शिकलेलं. खांद्याला ते त्या दिवशी कळलं.

यजमानांचा मुलगा वाट दाखवायला पुढे. गावामागची सोंड धरून वाट चढते. सुरुवातीला आंबा, उंबर, मग दोन्ही बाजूंना कारवीचं रान. काड्या सरळसोट, पानं खरखरीत. घरांच्या कुडाला हीच कारवी लागते, वर शेणामातीचा गिलावा. गवत पिवळं पडलं होतं आणि त्यात सोनकीची वाळकी देठं अजून उभी होती. उन्हं यायच्या आत अर्धी सोंड चढून व्हायला हवी, असा मुलाचा आग्रह. तो चपलांवर होता, हातात काही नाही. त्याच्या पाण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "मला न्हाई लागत. उतरल्यावर पितो." दादानं गुपचूप त्याच्या वाटणीची एक बाटली आपल्या पिशवीत टाकली होती, ती नंतर बाहेर निघाली आणि त्यानं ती एका दमात संपवलीही.

तिकोना समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 फूट. ऐकायला फार नाही. पण या डोंगरांची चढण पायऱ्या-पायऱ्यांची आहे, कारण डोंगरच थराथरांनी झाला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. दोन कठीण थरांमध्ये कुठे मऊ, भोकाभोकांचा दगड राहिला, कुठे लाल मातीचा पट्टा. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची झिजून माची होते. म्हणून सह्याद्रीत चढताना आधी छाती भरून येते, मग थोडं सपाट लागतं, मग पुन्हा छाती भरून येते. त्या सपाटीवर लोकांनी वस्ती केली, देव बसवले, आणि पाणी साठवलं.

पहिल्या दरवाजातून आत गेल्यावर पुढे मारुती आहे, पायाखाली राक्षसी दाबून उभा. त्याच्या पुढच्या सपाटीवर तळजाई देवीचं लेणं आणि त्याच्यासमोर तळं. लेण्याच्या सावलीत बसलो. तळ्याचं पाणी हिरवट, काठावर शेवाळ, मध्ये आकाशाचा एक तुकडा. भाचीनं सॅकमधून ग्लुकोज बिस्किटं काढली. मी बाटली काढली आणि घोट घेण्याआधी ती किती भरली आहे ते पाहिलं. हे मी आयुष्यात प्रथम करत होते. ऑफिसात टेबलावर अर्धवट राहिलेल्या बाटल्या संध्याकाळी कुंडीत ओतणारी मी, तिथं झाकणाच्या आटीत राहिलेला थेंबही जिभेवर घेतला.

जवळच चुन्याचा घाणा आहे. दगडी चर गोल फिरलेला, त्यात फिरवायचं दगडी चाक. तटाला लागणारा चुना इथं मळला जायचा. सर म्हणाले, चुना मळायला काय लागतं? भाची म्हणाली, चुनखडी, वाळू, बैल. दादा म्हणाला, "पाणी." शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. गड बांधायचा तर बांधणाऱ्यांना प्यायला पाणी, बैलांना पाणी, चुन्याला पाणी, आणि हे सगळं गडावर माणूस राहायला येण्याच्या आधी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या प्रकरणात हीच गोष्ट ठासून सांगितली आहे: आधी पाणी पाहावं आणि मग गड बांधावा, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये. कारणही दिलं आहे, आणि ते वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. ज्यानं हे लिहिलं त्यानं गड पुस्तकात पाहिला नव्हता, वेढ्यात पाहिला होता.

बालेकिल्ल्याच्या कड्याखाली आलो तसा मुलगा थांबला. वर कातळाच्या कपारीला आग्या मोहोळं लोंबत होती, काळपट, जिवंत. लांबून त्यांच्यावरून एक लाट सरकल्यासारखी दिसायची. "ताई, अत्तर-बित्तर लावलंय का? आन आता वरडायचं न्हाई." भाचीनं सकाळी सवयीनं अंगाला काहीतरी फवारलं होतं. सरांनी तिला मान आणि मनगटं पुसायला लावली. रुमाल भिजवायला अर्धा लिटर पाणी गेलं. तिनं ते ओतताना माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पैसे सांडत होती. मग आम्ही ओठ मिटून, अंतर राखून, एकेक करून पुढे सरकलो. डोंगरावरची भीती म्हटलं की डोळ्यांपुढे खोल दरी येते. माझी त्या दिवसाची पहिली खरी भीती एवढीशी होती, माशीएवढी.

दुसरी भीती पायऱ्यांची. बालेकिल्ल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या कातळात कोरल्या आहेत आणि त्या गुडघ्याएवढ्या उंच आहेत. आधाराला तारेचा दोर लावलेला आहे. मी तो दोन्ही हातांनी धरला होता. तोवर एक बाटली अर्धी झालेली. भरलेली बाटली गप्प बसते, अर्धी बाटली डचमळते. प्रत्येक पायरीला मी वर गेले की पाणी मागे जायचं आणि मला घेऊन जायला बघायचं. शेवटी मी थांबले, सॅक उतरवली आणि अर्धी बाटली पिऊन टाकली. पोटातलं पाणी ओढत नाही.

त्या थांबण्यात नाकासमोरची पायरी दिसली. कडेला छिन्नीचे तिरके घाव अजून ताजे वाटावेत असे, आणि मधोमध झिजून झालेला गुळगुळीत खळगा. दगडातल्या बारीक पोकळ्यांत पांढरे स्फटिक चमकत होते. पायरी मुद्दाम उंच ठेवली आहे हे गुडघ्याला तेव्हाच समजलं. चालून येणाऱ्याला इथं धाप लागावी, हातातलं हत्यार सोडून दगड धरावा लागावा, मान वर करायला उसंत मिळू नये. माझी धाप कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी योजून ठेवली होती. आपण ज्याला साहस म्हणून पैसे खर्चून जातो ते इथं शत्रूसाठी बांधलेलं होतं.

वर महादेवाचं देऊळ, भगवा आणि कातळात खोदलेली टाकी. दादा टाक्याच्या काठाशी उकिडवा बसला. पाणी हाताला लागेल एवढं वर होतं, पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. त्यानं ओंजळ भरून वास घेतला, तोंड धुतलं, प्यायला मात्र नाही. पाण्यावर चिप्सचं एक पाकीट तरंगत होतं. सरांनी काठीनं ते काढलं आणि आपल्या पिशवीत घातलं.

भाचीला हिशेब सुचला. गडावर पन्नास माणसं धरली, माणशी रोज फक्त पाच लिटर, प्यायला आणि रांधायला. पाऊस चार महिने, म्हणजे उरलेले आठ महिने पुरवायचं. तिनं मोबाइलवर बोटं फिरवली: साठ हजार लिटर. म्हणजे पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर खोल असं एक टाकं, तेही काठोकाठ, उन्हानं एक थेंब न उडता. आणि तेवढी जागा करायला काळ्या कातळातून बाहेर काढावा लागेल दीडशे टनांहून जास्त दगड. "तो दगड कुठे टाकला असेल?" तिनं विचारलं. सरांनी तटाकडे बोट दाखवलं. टाक्यातून निघाला तो तटाला लागला. खड्ड्यात पाणी राहिलं आणि त्याच दगडानं पाण्याची राखण केली. एका घावात दोन कामं करणारी ती माणसं कोण, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

वरून चौफेर दिसतं. समोर धरणाचं फाटे फुटलेलं पाणी, त्यापलीकडे तुंग, उत्तरेला लोहगड आणि विसापूर. पायाखालचा तिकोना धरून पवनेच्या खोऱ्याचे हे चार राखणदार 1665 साली पुरंदरच्या तहात एकाच यादीत मोगलांना द्यावे लागले, तेवीस किल्ल्यांमधले चार. लोहगड 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिकोना नाही गेला. इथला गुरुवार त्यामुळे आमचा एकट्यांचा होता.

तुंगकडे पाहताना गोनीदांची आठवण आली. गो. नी. दांडेकर आमच्या शेजारच्या तळेगावचे झालेले. 'पवनाकाठचा धोंडी'मधला हवालदार या तुंगच्या सावलीतला. पण ती कादंबरी धरण होण्याच्या आधीची. त्यातला पवनाकाठ आता पाण्याखाली आहे. वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळही त्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात धरण उतरलं की ते बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात, आणि पाऊस लागला की पुन्हा बुडतं. सुमारे साडेआठ टीएमसीचं हे धरण. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ 2,832 कोटी लिटर. साठ हजार लिटरच्या टाक्याकाठी बसून हा आकडा डोक्यात मावेना. पाठीवर उरलेल्या दीड लिटरशी मात्र माझी आता चांगली ओळख झाली होती.

उतरताना सोंडेच्या बाजूला, गडाच्या बाहेर, सरांना माहीत असलेला एक कातळ होता. मजबूत झाडाला दोर बांधून भाची सरसर उतरून गेली. मग माझी पाळी. खंडाळ्याच्या नागफणीवर लोक दरीवर दोर ताणून हे सगळं करतात ते मी फोटोत पाहिलं होतं. हा कातळ त्या मानानं चिमुकला, दोन मजल्यांएवढा. तरी काठावर पाठमोरी उभी राहिले आणि सर म्हणाले, "मागे रेला, दोर धरेल," तेव्हा तोंडाला कोरड पडली. सगळं शरीर पुढे झुकायला बघतं आणि जगायचं असेल तर मागे रेलायचं असतं. रेलले. दोर ताणला गेला, पाय कातळावर सपाट टेकले आणि अंगातलं सगळं वजन कमरेच्या पट्ट्यात जाऊन बसलं. पहिल्या चार पावलांत मी देवाचं नाव घेतलं, पाचव्यात कातळावरचं दगडफूल दिसलं, सहाव्यात मी हसायला लागले. खाली पोचल्यावर पहिलं वाक्य निघालं ते, "पाणी द्या." दादानं स्वतःची बाटली पुढे केली. तीत तळाशी चार घोट होते आणि त्यानं ते कुणाला तरी लागतील म्हणून राखून ठेवले होते.

संध्याकाळी खाचरात परतलो. गुरुवार असल्यामुळे कोंबडीचं नाव नव्हतं. काकींनी नैवेद्याची खीर, भाकरी, वालाची उसळ आणि इंद्रायणीचा भात वाढला. इंद्रायणी आमच्या मावळचीच लेक, आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून 1987 साली आलेली. झाकण काढलं की वासानंच माणूस ताटाकडे सरकतो. जेवता जेवता काकी सांगत होत्या, लग्न होऊन आल्या तेव्हा झऱ्यावरून डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर एक कळशी. भाचीनं लगेच हिशेब मांडला आणि गप्प झाली. आम्ही दिवसभर ज्याचं कौतुक करत होतो ते या बाईंनी न्याहारीच्या आधी केलं होतं, पावसाळ्यातल्या निसरड्यावरही, आणि त्याला कुणी साहस म्हटलं नव्हतं.

पलीकडच्या काठावर कॅम्पचे दिवे लागले. रंगीत माळा, आणि पाण्यावरून सरळ येणारा डीजेचा ठोका. यजमान म्हणाले, तिथली पोरं रात्री पाण्यात उतरतात, दर वर्षी कुणी ना कुणी बुडतं, म्हणून आपल्याकडे आलेल्यांना ते पाण्याजवळ जाऊच देत नाहीत. मग बोलणं धरणाकडे वळलं. शहराला पाणी धरणातून थेट बंदिस्त नळातून न्यायचं ठरलं, नदीकाठच्या गावांनी विरोध केला, आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन पेटलं तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. दादा त्या दिवशी रस्त्यावर होता. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यापाशी हा विषय काढला नव्हता, मीही नाही. ते पाणी माझ्या नळाचं होतं.

त्या रात्री तो बोलला. फार नाही. "नळातून नेलं तर नदी कोरडी पडेल, एवढंच आम्हाला दिसत होतं." मी म्हटलं, "आणि आम्हाला नदीतून येणाऱ्या पाण्याला वास यायचा, एवढंच दिसत होतं." तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "दोघांनाही आपापल्या टोकाचंच दिसतं." वर मृग चांगला हातभर चढला होता, खाली व्याध तळपत होता. भाची आकाशाकडे बघत असेल असं वाटलं, तर ती आमच्याकडे बघत होती. तिचा जन्म या भांडणाच्या काळातला, आणि यातलं पुष्कळसं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मला वाटतं, हे बोलणं उर्शाच्या घरी झालं नसतं, आणि चिंचवडच्या माझ्या हॉलमध्ये तर नाहीच. तिथं दादा शेतकरी असतो आणि मी शहरातली. डोंगरावर आम्ही दिवसभर सारखंच ओझं वाहिलं होतं, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी मोजलं होतं, त्यातले शेवटचे चार घोट त्यानं मला दिले होते. पाणी कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर त्यानं मिळालं नाही. पण ते किती जड असतं याबद्दल आता आमच्यात मतभेद उरला नव्हता, आणि बोलायला सुरुवात करायची तर एवढं एकमत पुरेसं असतं.

सकाळी काकींनी पूजा उतरवली. कलशातलं पाणी तुळशीला घातलं. तंबू गुंडाळताना भाचीच्या सॅकमधून अर्धी बाटली निघाली. ती ओतून द्यायला निघालेला हात थांबला आणि पाणी काकींच्या हंड्यात गेलं. गाडीत बसल्यावर तिनं जाहीर केलं, "मे महिन्यात पुन्हा यायचं. वाघेश्वराचं देऊळ बघायचं आणि टाक्यात पाणी किती उरलंय ते मोजायचं."

"मे मध्ये माणशी तीन लिटर पुरायचं नाही," दादा म्हणाला. "पाच तरी लागेल."

"मग वजन?"

"आत्या उचलेल की. तिच्याकडं चोवीस तास नळ आहे, सवय करू दे."

चोवीस तास वगैरे काही नाही, आमच्याकडे दिवसाआड येतं, हे मी त्याला सांगितलं. मागे वळून तो पहिल्यांदाच म्हणाला, "व्हय? मला वाटलं..." आणि पुढचं उर्शापर्यंत आम्ही पाण्यावरच बोलत आलो.